मैदानावर वेणूने बोलावं

कामोठे, नवी मुंबई
३ ऑगस्ट २०२५

चि. सौ. वेणू हिला उदयदादाचे आशीर्वाद. दाजींना रामराम सांग.

इकडे आम्ही बरे आहोत. शिवतेजची नोकरी चालू आहे. तुझ्या वहिनीचे गुडघे कुरकुरतात आणि त्यांच्याबरोबर तीही. तू एसटीने पाठवलेला घेवडा पोचला. त्यातली वाटीभर उसळ शेजारच्या शमसुन्निसाभाभींकडे गेली. त्यांनी विचारलं, "ये कौनसे गाँव का है?" वहिनीने उंबरठाण्याचं नाव असं सांगितलं की जणू ते लंडनच्या शेजारी आहे.

फोन उचलत नाही म्हणून तू चिडली असशील. शिवतेज दर वेळी "पप्पा मीटिंगला गेलेत" म्हणतो, ते मीच सांगायला लावलं आहे. कारण लिहितो. आधी मुद्द्याचं.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत ठरेल की मंजूर झालेलं सरकारी रुग्णालय गावातल्या बाजाराच्या मैदानावर बांधायचं की बाहेर भैरोबाच्या माळावर. माझं मत तुला पाठ आहे, गावालाही आहे. तरी परत सांगतो, कारण ते बदललेलं नाही: बाजार हलवू नका, रुग्णालय माळावर बांधा.

उंबरठाण्यात काय आहे? शाळा आहे, बँकेची शाखा आहे, वाचनालय आहे, ज्यातलं कपाट फक्त मीच उघडायचो. पाण्याची टाकी आहे, तिच्यात कधीकधी पाणीही असतं. पण हे सगळं आलं कशामुळे? सोमवारच्या बाजारामुळे. चार वाड्यावस्त्यांची माणसं तिथे यायची म्हणून एसटी थांबली, एसटी थांबली म्हणून मास्तर आले, मास्तर आले म्हणून शाळा झाली. आणि त्या मैदानावर बसतं कोण? बायका. सासूने सुनेला, आईने लेकीला दिलेल्या जागांवर. कुठल्या सातबाऱ्यावर त्याची नोंद नाही. बाजार हलला की नव्या जागी ओटे बांधतील, ओट्यांचा लिलाव करतील, आणि ज्याच्या दारात टेम्पो उभा आहे तो ओटा घेईल. पाटीत मेथी घेऊन येणारी सखू कुठे बसेल? मी जिथे राहतो तिथेही शेतं होती. इथल्या नावडे गावच्या म्हाताऱ्यांना विचार, सोयी येताना काय घेऊन येतात आणि जाताना काय घेऊन जातात.

बघ, लिहितानाही मूठ आवळली गेली.

तुझं म्हणणंही मला पाठ आहे. मे महिन्यात तू फोनवर म्हणालीस, "दादा, बाजार आठवड्यातनं एकदा भरतो. माणूस कवापण पडतंय." मी म्हणालो, मग माळावर बांधू की. तू म्हणालीस, "माळावर ना रस्ता, ना पाणी. तिथं डॉक्टर न्हाई, भैरोबाच बसंल तपासायला." मग मी बाजारातल्या आईच्या जागेचा विषय काढला. गावातच दिलेली लेक म्हणून आईने ती जागा तुला दिली, तीस वर्षं तू तिथे बसतेस, आणि तूच ती सोडायला निघालीस? त्यावर तू हसलीस. "आईची जागा म्हंजी आईची मांडी न्हवं दादा. उठाय येतं."

त्या दिवशी मी फोन ठेवला. तुला उत्तर द्यायला मी पंधरा ऑगस्टची वाट बघत होतो.

आता कारण. वेणू, माझा आवाज गेला आहे.

एप्रिलपासून घोगरा होता. यात्रेत जास्त बोललो, धुळीत उभा राहिलो, असं समजून मी काढे पीत बसलो. जूनमध्ये शिवतेजने ओढून डॉक्टरकडे नेलं. स्वरयंत्रावर गाठ आहे. ऑपरेशन अकरा तारखेला. गाठ कसली ते काढल्यावर कळेल. पण आवाज पहिल्यासारखा राहणार नाही, हे डॉक्टरांनी माझ्या तोंडावर सांगितलं. तोवर एक शब्द बोलायला बंदी. तुझी वहिनी म्हणते, "लग्नानंतर पहिल्यांदाच घरात माझं वाक्य पुरं होतंय." म्हणते, आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीच नळ सोडून उभी राहते.

दवाखाना घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. रिक्षाही लागत नाही. हे तू मनात म्हणशीलच, म्हणून मीच लिहिलं.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. माथाडी हमालांच्या सभेत मी उभा राहिलो की इथल्या घाऊक बाजारातल्या गाड्या थांबायच्या, आणि त्याच माणसाने पाटी धरून "पाणी द्या" लिहायचं? नको वाटलं. आणि त्यातूनच पुढचं झालं.

गेल्या रविवारी सानपाड्यात आपल्या मुंबईकर मंडळाची बैठक होती. गावाला मंडळाचं मत कळवायचं होतं. न जावं तर बोभाटा, म्हणून गेलो, गळ्याला मफलर गुंडाळून पहिल्या रांगेत बसलो. मला माहीत होतं की निम्मी माणसं तुझ्या बाजूची आहेत. हौसेरावाची आई गेल्या वर्षी साताऱ्याला दवाखान्यात नेताना वाटेवर जीपमध्येच गेली. तो तर कागदावर मुद्दे लिहून आला होता. मला वाटलं, आज वाद ऐकू. मला आवडतो वाद.

अध्यक्षांनी विचारलं, "दादा, तुमी सुरू करताय ना?" मी मान हलवली, नाही म्हणून. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मागून कोणीतरी कुजबुजलं, "दादा लय तापलेत." हौसेराव उठला, माझ्याकडे बघितलं, कागदाची घडी केली आणि म्हणाला, "आपलं काय वेगळं नाय. बाजार तिथंच राहिला पायजे." आणि मग सगळे हात वर. चहा यायच्या आत ठराव झाला. दवाखाना माळावर.

मी एक अक्षर बोललो नव्हतो, वेणू.

घरी येऊन मंडळाच्या ग्रुपवर खरं ते लिहिलं: घसा बिघडला आहे, मी रागावलो नव्हतो, ठराव मागे घ्या, ज्याला जे वाटतं ते त्याने मोकळेपणी बोलावं. हौसेरावाचं उत्तर आलं, "दादा, टोमणा समजला. राग नका धरू, आमी तुमच्याच बाजूला हाय." खाली हात जोडलेली चित्रं. मग सगळ्यांनीच हात जोडले.

तेव्हापासून झोप उडाली आहे. इतकी पुस्तकं वाचली, इतकी मैदानं गाजवली. मला वाटत होतं मी माणसं पटवतो. पटवलेला माणूस आपण गप्प बसलो तर स्वतःचं बोलतो. ही माणसं माझं तोंड बघत होती. एका मफलरला भिऊन हौसेरावाने आपली आई घडी करून खिशात घातली. असा विजय मला नको. माझी बाजू खरी असेल तर ती भांडून टिकावी, नाहीतर पडावी.

गावातही हेच होणार आहे. गावात माझी बाजू धरणाऱ्या शहाजीचा निरोप आला: "दादा, येऊ नका, आराम करा. यात्रेतल्या तुमच्या बाजारावरच्या भाषणाचं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडं. मैदानात भोंग्यावर लावतो. समोर कोण उभं राहतंय बघू." मी नको म्हणून कळवलं. तोही टोमणाच समजला असेल.

म्हणून हे पत्र तुला. मला कधी न भिणारं माणूस एकच आहे. लहानपणी मी पारावर उभा राहून भाषणाचा सराव करायचो तेव्हा तूच खालून ओरडायचीस, "दादा, भाकरी गार व्हाया लागली!"

ग्रामसभेत तू उभी राहा. आपल्याकडे कागदावरच्या मताला कोणी विचारत नाही. उभं राहून चारचौघांत जो बोलतो, त्याचं मत. तिथे अजून एकही बाई बोललेली नाही, हे मला माहीत आहे. उगीच दाजींना पुढे करू नकोस. मेथीचा भाव सांगतेस तशी बोल. पहिलं वाक्य हळू सांग, म्हणजे मागचे पुढे सरकतात. हौसेरावाच्या आईचं नाव घे. मग सखूच्या जागेचं काय, हे मात्र लोक तुला विचारणार, आणि त्याचं उत्तर तयार ठेव. ते उत्तर माझ्याकडे नाही. तुझ्याकडे नसेल तर मी सांगतो तेच खरं, हे लक्षात ठेव.

हे पत्र तिथे वाचून दाखवू नकोस. वाचलंस तर पुन्हा दादाने सांगितलं म्हणून हात वर होतील, फक्त दुसऱ्या बाजूला.

आणि शहाजीने रेकॉर्डिंग लावलंच, तर उठून भोंग्याची वायर काढ. आवाज माझा आहे. तो कदाचित तेवढाच उरला आहे, हेही मला कळतं. तरी काढ. कोणी विचारलं तर सांग, दादाचं बोलून झालंय, आता मी बोलते.

तुझ्या विरुद्ध मताचा, आणि तुझं ऐकायला बसलेला,
उदयदादा