दगडाला तुमचं नाव मिळणार नाही

ती. मामांना भाचीचा वाकून, पण मुद्द्यावर न वाकता, नमस्कार.

कंबर कशी आहे? मामीकडून शेक घेत असाल आणि 'एवढा काय गार' म्हणून ओरडत असाल, तर तब्येत उत्तम आहे असं समजते.

तुमचा निरोप मिळाला. मी शोधलेल्या लघुग्रहाला तुमचं नाव द्यावं, कारण मला गणित तुम्ही शिकवलंत. (गणित कमी आणि 'डोक्यात दगड भरलेत' हेच जास्त ऐकलं. आता खरोखरच दगड सापडला म्हणून हक्क सांगताय होय?)

वेधशाळेत आकाशाच्या एकाच तुकड्याचे फोटो एकामागून एक लावून बघायचे, हे माझं काम. तारे जागच्या जागी राहतात. जो सरकला तो आपला. तसा एक ठिपका मला सरकताना दिसला. साहेब म्हणाले, "बाई, कॅमेऱ्यावरचा डाग आहे तो." मी म्हटलं, "साहेब, डागाला पाय फुटत नाहीत." त्यांनी कॅमेरा पुसून घेतला. पुढच्या फोटोत डाग आणखी पुढे! मग मात्र ते 'आपला लघुग्रह, आपला लघुग्रह' करत सुटले, आणि निवृत्तीच्या निमित्ताने त्यांचं नाव शोभेल असंही सुचवून झालं. त्यांनाही नाही म्हटलं. फुगलेत. फुगू देत. शोध माझा, नाव मी सुचवणार.

शिवाय तुम्हाला तो आवडायचाही नाही. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात त्याच्यासारखे लाखो आहेत, त्यामुळे मानपान शून्य. रंग कोळशाचा. आकार बटाट्याचा, तोही मधे चेपलेला. आतून बहुधा अखंडसुद्धा नाही. एकमेकांशी न पटणारे धोंडे कसेबसे एकत्र राहिलेत (आपल्या घरासारखे). आणि दिवसभर स्वतःभोवतीच फिरतो. (इथे मात्र तुमची आठवण आली.)

नाव मामीचं देणार आहे. तुम्ही माझ्यावर ओरडायचात तेव्हा ती शेजारी तांदूळ निवडत असायची. माझे डोळे भरले की ताट माझ्याकडे सरकवायची. "राहू दे ते गणित. खडा शोध बघू. घाई नको, तो कुठे पळत नाही." बघत बसायला मी तिथे शिकले, मामा. (आमचा खडा पळतो, पण तेवढं तिला माफ.)

तुमचीच,
भाची

ता. क. नाव लिहायला बसले आणि पेन अडलं. आम्ही पोरं तिला मामी म्हणतो, आई वहिनी म्हणते, तुम्ही तर नुसत्या 'अगं'वर संसार केलात. तिचं नाव काय हो? तिलाच विचारा. प्रेमाने विचारा.

ता. क. दुसरा. जमलं नाही तर 'अगं' असंच पाठवते. मग जगभरचे शास्त्रज्ञ तुमच्यासारख्याच हाका मारत बसतील. पण सांगून ठेवते, तो काही चहा घेऊन यायचा नाही.