सुकलेला थेंब

आई, तुझ्या पणतीला आज नऊ महिने पूर्ण झाले आणि नवीन पनवेलच्या दवाखान्यात तिला गोवर-रुबेलाची लस टोचली. मीही सोबत गेले होते. धाकट्या भावाची सून, म्हणजे तुझी नातसून, दारातच घुटमळली. "आत्या, ताप येईल ना हो तिला? पुढच्या महिन्यात देऊ या का?" अगदी तुझा चेहरा झाला होता तिचा. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, पण दवाखान्यातले तक्ते आणि रद्दीतली पुस्तकं वाचून एवढं कळायला लागलंय, म्हणून तिला मी तुझ्या विरजणावरून समजावलं. म्हटलं, ही लस जिवंत असते, फक्त लुळी केलेली. कोमट दुधात चमचाभर विरजण घातलं की पातेलंभर दही लागतं, तसं ती अंगात लागते. लागताना थोडी कसर येणारच. म्हणून तर पोटुशी बाईला किंवा आजारानं अंगातली ताकदच गेलेल्याला जिवंत लस देत नाहीत. दुसरी लस मेलेल्या विषाणूची. ती अंगात वाढत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा टोचून अंगाला आठवण द्यावी लागते. मामाला पिसाळलेलं कुत्रं चावलं तेव्हा त्याच्या पोटात चौदा सुया टोचल्या होत्या, आठवतं? ती त्या जातीची. आणि जन्मल्याबरोबर हिला काविळीची दिली, त्यात तर विषाणूच्या सालीचा तुकडा तेवढा असतो. सून हसली आणि मुलीचा दंड पुढे केला. घरी आल्यावर मी तिला धाकट्याच्या देवी काढल्या, म्हणजे देवीची लस टोचली, ती गोष्ट सांगितली. त्याच गोष्टीपायी हे लिहायला बसले आहे.

मी दहा वर्षांची, धाकटा पाच महिन्यांचा. देवी काढणारे सरकारी कर्मचारी, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, सायकलवरून आळीत आले की बायका दारं लोटून घ्यायच्या. तुझं कारण वेगळं होतं. माझ्या पाठचा भाऊ देवी काढल्यावर पंधरवड्यात गेला होता. त्याच्या छातीत कफ भरला होता असं बाबा म्हणायचे, पण तुझ्या मनानं दंडावरचा फोडच धरला होता. सरकारी सक्ती होती, नाही म्हणायची सोय नव्हती, म्हणून तू बेत केलास. सकाळीच मला चुलीपाशी बसवून ओलं फडकं हातात दिलंस. "मी त्यांना चहाला थांबवते. तू बाळाला घेऊन मागच्या पडवीत जा आणि दंडावरचा लशीचा थेंब पुसून टाक. नीट पूस. कुणाला बोललीस तर बघ!"

भाऊंनी धाकट्याच्या दंडावर लशीचा थेंब ठेवला, त्यावर टोकेरी चकती टेकवून गर्रकन फिरवली. तो असा ओरडला की समोरच्या गिरणीतले हमाल वळून बघायला लागले. "थेंब सुकेपर्यंत हात लावायचा नाही हं, वहिनी." "छे छे, कशाला लावू? चहा घेतल्याशिवाय जायचं नाही हं, भाऊ." आणि तू माझ्याकडे डोळे वटारलेस. मी बाळाला घेऊन पडवीत गेले. परत आले तेव्हा तू भुवयांनीच विचारलंस आणि मी मान डोलावली.

मी पुसलं नव्हतं, आई.

पाचव्या दिवसापासून फोड धरला, आठव्याला टरारला, धाकटा तापानं फणफणला. तू त्याला मांडीवर घेऊन भर दुपारी भिंतीला टेकून बसायचीस, जेवायला उठायची नाहीस. मी भांडी घासता घासता देवाला म्हणत होते, याला नेऊ नको, वाटलं तर मला ने. आणखी चार दिवसांनी ताप उतरला. खपली पडली तेव्हा तू पहिल्यांदा पोटभर जेवलीस. आणि तिथून नवाच घोटाळा सुरू झाला. विहिरीवर तू बायकांना सांगायला लागलीस, "पुसलं तरी लागतेच ती. मग पुसा की खुशाल, निदान त्रास तरी कमी." मी शेजारी घागर घेऊन उभी होते. तोंड उघडलं नाही.

पुढच्या फेरीला मिठागरावर जाणाऱ्या शेजारणीनं तुझं ऐकून लेकीचा दंड पुसला. आठव्या दिवशी भाऊ बघायला आले तर दंडावर जेमतेम ओरखडा. त्यांनी झापलं तशी ती म्हणाली, "मंग आमी काय करायचा? या वयनीच बोलल्या, पुसला तरी लागतं, काय होत नाय." भाऊ तुझ्याकडे वळले. "वहिनी, पलीकडच्या गावात देवी आल्यात. ही पोर आज उघडी आहे, कळतंय का? तुमच्या मुलाचं पुसलं असतं तर लागलीच नसती."

तू माझ्याकडे बघितलंस. मी सारवलेल्या जमिनीकडे. मग तू पदर कमरेला घट्ट खोचलास, त्या मुलीला स्वतःच्या मांडीवर घेतलंस आणि भाऊंकडून पुन्हा देवी काढून घेऊन थेंब सुकेपर्यंत तिचा हात धरून बसलीस. तिलाही लागली, आणि आपल्या आळीत देवी आल्याच नाहीत. त्या दिवशी जेवताना दह्यावरची साय, जी नेहमी बाबांची, ती तू माझ्या पानात वाढलीस. कारण तूही सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही.

आज सुनेला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आत्या, दहा वर्षांच्या तुम्हाला एवढं कळत होतं?" मी पदर सावरत म्हटलं, "कळत होतं म्हणूनच तर नाही पुसलं." धाकटा बाजूलाच होता, त्यानं उठून माझे पाय धरले. मी धरू दिले.

तुझ्यापाशी तरी खरं सांगते. मला काहीएक कळत नव्हतं. पडवीत मांजरीनं पिल्लं घातली होती ना, त्यांचे डोळे त्याच दिवशी उघडले होते. मी धाकट्याला मांडीवर घेऊन ती बघत बसले, फडकं घागरीवरच राहिलं, आणि आठवण झाली तेव्हा थेंब सुकून गेला होता.