पाठमोरे साहेब

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी जी दोन-तीन माझं ऐकतात त्यांचाच, बाकीच्यांना निरोप दिलाय, पण त्यांचा काही भरवसा नाही.) तुझी कंबर कशी आहे? नव्या नोकरीतली खुर्ची बदलून मिळाली का? वहिनीनं तुझ्या चोरून कळवलंय, की तू राजीनामा लिहून कपाटात ठेवलायस आणि परत येऊन माझा चेंडू सोडायचा रॅम्प धरणार आहेस. (वहिनीला बोलू नकोस. कोणाला सांगू नको म्हणाली होती, मी फक्त तुलाच सांगतेय.) नऊ वर्षं बोशियाच्या मैदानात माझा मदतनीस होतास, आता जरा बरी नोकरी मिळून गाव सोडलंस, तर फोनवर असा बोलतोस जसं काही मला बाजारात विसरून गेलायस. तेव्हा काय ठरवायचं ते सगळी हकिकत वाचून ठरव. मी काहीच सांगणार नाही. कपाळाला बांधलेल्या काठीनं एकेक अक्षर टोचून लिहितेय, म्हणून थोडक्यात आटोपते. (आटोपणार नाही, तू मला ओळखतोस.)

तू गेल्यावर मी ऑफिसात अर्ज केला. आमच्या लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीनं आठवड्यातल्या दोन दुपारी सरावाला दिल्या, स्पर्धेची रजा पगारी केली, वर कामाच्या वेळेत एक माणूस मदतनीस म्हणून द्यायचं कबूल केलं. एवढं सगळं एका कागदावर आलेलं बघून मला रडूच फुटलं. मग माणूस आला, आणि रडू थांबलं. पहिले आले स्टोअरकीपर. उभा जन्म लिफ्टच्या मोटारी हलवण्यात गेलेला. मी म्हणायची "केसभर डावीकडे", की रॅम्प शेजारच्या कोर्टात. त्यांनी चार दिवसांत स्वतःहून माफी मागितली. मग आमच्या ड्रॉइंग विभागाचे साहेब म्हणाले, "मीच येतो. दुसऱ्यावर काम सोडून मला चैन पडत नाही."

हे साहेब तुला ठाऊक आहेत. तेच, जे प्रत्येकाच्या खुर्चीमागे उभे राहून खांद्यावरून काम बघतात आणि चूक दिसली की खोकतात. आम्हा बावीस जणांना त्यांचा चेहरा फारसा आठवत नाही, खोकला पाठ आहे. (आत्ताही मागे उभे आहेत. खोकले.) त्यांना मी नीट समजावलं. पांढऱ्या चेंडूच्या जवळ ज्याचा चेंडू थांबेल त्याला गुण. माझे सहा लाल, समोरच्याचे सहा निळे. मला हातानं फेकता येत नाही, म्हणून तुम्ही मी सांगेन तसा रॅम्प फिरवायचा, वर चेंडू ठेवायचा, मी काठीनं ढकलणार. तुमचं तोंड माझ्याकडे, पाठ मैदानाकडे. वळून बघायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, डाव संपेपर्यंत ब्रसुद्धा काढायचा नाही. साहेबांनी विचारलं, "मग चूक झाली तर बघणार कोण?" मी म्हटलं, मी. त्यांनी पाणी मागवलं.

पहिल्या दुपारी ते अकरा वेळा वळले. दुसऱ्या आठवड्यात एकदाही नाही, तेव्हा मला वाटलं, माणूस सुधारला. सुधारला कसला! मनगटावर बशीएवढ्या काचेचं नवं घड्याळ आलं होतं, आणि साहेब त्यात मागचं मैदान बघत होते. (म्हणतात, वेळ बघत होते. तासाभरात चाळीसदा?) मी घड्याळ काढायला लावलं. ते निवड स्पर्धेच्या दिवशी पुन्हा घालून आले.

निवड स्पर्धेचा शेवटचा सामना, जिंकेल तो देशाच्या संघात. सगळं ऑफिस बघायला आलेलं. माझ्यासाठी नव्हे रे, साहेब हुकूम कसा पाळतात ते बघायला. मी "मागे" म्हटलं आणि साहेब मागे सरकले, की टाळ्या. दुसऱ्या डावात पंचबाईंनी ते घड्याळ हेरलं, जप्त केलं आणि समोरच्या खेळाडूला एक जादा चेंडू दिला. त्यामुळे आम्ही दोन गुणांनी मागे. दादा, त्या क्षणी तू हवा होतास. इतका हवा होतास, की मला तुझा रागच आला. साहेब पांढरेफटक पडले होते. तोंडातून शब्द काढायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी माझ्याकडे बघून नुसते कान धरले.

कशीबशी बरोबरी केली. शेवटच्या डावात पांढऱ्याला निळा चेंडू चिकटलेला आणि माझा एकच लाल उरलेला. "डावीकडे. अजून. थांबा. केसभर मागे." लिफ्टचा दोर स्वतः मोजल्याशिवाय कुणाचा शब्द न मानणारा माणूस, पण केसभर म्हटलं तर केसभरच. मी ढकलला. लोक ओरडले, पंचबाई टेप घेऊन धावल्या, साहेब भिंतीसारखे पाठमोरे. डावाचा निकाल जाहीर झाल्यावर त्यांनी पहिला शब्द काढला, "बघू?" मी म्हटलं, "थांबा." (एवढ्या वर्षांच्या खोकल्यांनंतर माझा तेवढा हक्क होता.) तिसऱ्यांदा विचारल्यावर "बघा" म्हटलं. त्यांनी वळून लाल चेंडू बघितला, पांढरा बघितला, लांब गेलेला निळा बघितला, आणि म्हणाले, "दोन बोटं उजवीकडे चालला असता."

तर झाली माझी निवड. साहेब असे, खेळ असा. तू यायचं की नाही ते तूच ठरव.

तुझी,
धाकटी

ता. क. साहेब विचारतात, नऊ वर्षं मान न वळवता तुम्हाला कसं जमलं? त्यांना एका वर्षात मानेला पट्टा लागलाय.

ता. क. २ : साहेब गेले जेवायला. वर काहीच सांगणार नाही म्हटलं ते खोटं. राजीनामा फाड. साहेब कितीही खोकले तरी मला चालतात, आणि रॅम्प तुझ्याइतकाच सरळ धरतात. (तुझ्यापेक्षा सरळ, पण ते त्यांना कळवू नकोस.) त्यांनी विचारेपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, की माझा एकही चेंडू थांबताना तू पाहिलेला नाहीस. नऊ वर्षं तू नुसतं माझं तोंड वाचत बसलास. जागतिक स्पर्धेची दोन तिकिटं वहिनीच्या नावानं धाडलीत. पहिल्या रांगेत बस. आणि माझ्या तोंडाकडे बघू नकोस, चेंडूकडे बघ.