नवरदेवाच्या बँडची सुपारी

अमळनेर
१४ मार्च १९९३

प्रिय कल्पू,

लांबलचक पत्र पाहून घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. गळाही. परवा पारोळ्याला उन्हातान्हात अख्खी वरात गायले आणि घरी येऊन भाकरी थापल्या. तू तिथं धुळ्याच्या होस्टेलात पाण्यात डाळ शोधत असशील.

तुझे वडील गेले तेव्हा तू मांडीवर होतीस. भावकीनं सांगितलं, शेतात निंदायला जा आणि देवाचं नाव घे. दोन्ही केलं. निंदताना मी गायचे, ते बँडवाल्या रतिलालभाऊंनी बांधावरून ऐकलं. बँडच्या गाडीवर बाई, तीही विधवा! गावानं तोंडात बोटं घातली. भाऊ एवढंच म्हणाले, "आक्का, तू फक्त म्हन. नाचाले बठ्ठा शेत." नाचायला सगळे आहेतच म्हणे, आणि झालंही तसंच. ज्या बायका हळदीला मला बाजूला बसवायच्या, त्यांचीच पोरं माझ्या आवाजावर धूळ उडवत नाचली. कधी याचं हसू यायचं, कधी घरी येऊन रडायचे. पण माईक हातात आला की मला कुणाची भीती वाटत नाही, आजही.

पितांबरमामानं चोपड्याचं स्थळ आणलं. मुलगा तुला आवडलाय. लाजून बशीत चहा सांडलास तेव्हाच कळलं. मग मुलाकडची अट मामानं सांगितली: लग्नाआधी आईनं वरातीत गाणं सोडायचं. तुझ्या तोंडाकडे पाहून मी गप्प बसले.

काल रतिलालभाऊ हसत हसत आले. तुझे होणारे सासरे जीवरामआबा त्यांच्याकडे बँडची सुपारी देऊन गेलेत. धरणगावच्या एका लग्नात ऐकलेली गाणारी हवी, म्हणून हटून बसले होते. "माले तीच बाई जोयजे!" तुला पाहायला आले तेव्हा मी आत भजी तळत होते, त्यांनी मला पाहिलंय कुठं!

सुपारी मी घेतली आहे. पुढच्या रविवारी स्वतः चोपड्याला जाऊन आबांना सांगणार आहे की तुम्हाला हवी असलेली बाई म्हणजे तुमची विहीणच. आता सुपारी परत घ्यायची की अट, ते त्यांनी ठरवावं. स्थळ मोडूही शकतं, म्हणून तुला आधी कळवतेय. तुला काय वाटतं ते उलट टपाली लिही, रागावलीस तरी लिही. फक्त गाणं सोड म्हणू नकोस, ते मी तुझंही ऐकणार नाही. मोडलं तर घरी ये, दोघी मिळून रडू. आणि जमलं, तर पोरी, तुझा नवरदेव मीच गात गात मांडवात आणीन.

तुझीच,
आई