बारा वाजेपर्यंतची खिडकी

२४ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून सुरू. दुपारी बारा ते रात्री आठ खायचं. बाकी सोळा तास पाणी न् कोरा चहा. मोबाईलवरचा माणूस याले 'खिडकी' म्हणतो. खिडकी उघडी, खिडकी बंद. खरं सांगायचं तर शब्द आवडला म्हणूनच सुरू केलं.

दुसरं कारण: १ फेब्रुवारीले इटियाडोह धरणाच्या नहरीवर दौड आहे. बेचाळीस किलोमीटर. नाव टाकून दिलं. आजवर एकवीसच्या पुढे गेली नाही. हलकी झाली तर जाईन, असा हिशोब.

लिहिण्याचाही प्रयोग. खिडकी बंद असताना लिहिलेल्या वाक्यात क्रियापद नाही. उदा. सकाळ. कुडव्याचा रस्ता. धुकं. राईस मिलचा धूर. भरतीच्या पोट्ट्यांच्या शिट्ट्या. पोटात बेडूक. मस्त जमून राहिलं.
(राहिलं = क्रियापद. बाद.)

२६ नोव्हेंबर, बुधवार
क्रियापदाचा नियम रद्द. नुसती नामं लिहायला बसली तर सगळी खायचीच निघाली. आलूबोंडा. तर्री. मुर्रा. लाखोरीची भाजी. परत आलूबोंडा.

ग्राऊंडवर दुर्गाले सांगितलं. दुर्गा देवरीची, पोलीस भरतीसाठी इथं खोली करून राहते, पळताना मले तिची पाठच दिसते. मागे न पाहताच म्हणते, "माझी माय मोहा वेचाले जाते ना, तीबी दिवसभर खात नाही. तिचा किसीने व्हिडिओ नहीं बनाया बे."

३० नोव्हेंबर, रविवार
फुटलं घरात. आई अंगणवाडीच्या गडबडीत आत्याले सहज बोलून गेली, "सुजाता उपास करून राहिली आजकाल."

झालं. एका शब्दानं घर पेटलं.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. बाबा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. म्हणून घर आत्याचंच, अन् विहारातल्या बायाही आत्याच्याच.

"उपास? या घरात?"
"उपास नाही आत्या, खिडकी..."
"कोन्या देवाचा?"
"कोणत्याच नाही. पळण्याचा."
"माया बापानं छप्पनच्या साली देव्हारा उचलला न् वाघनदीत सोडला. उपास-तापास सारे तेच्यासंगं गेले. आन् तू कालेज शिकून मोबाईलवरून वापस आनून रायली?"

मग हळू:
"सुजाता नाव म्या ठेवलं तुयं. उपाशी सिद्धार्थाले खीर चारनारीचं नाव. आन् तूच उपाशी. काऊन व?"

खिडकी बंद होती, नाहीतर तोंडात काही तरी कोंबून गप्प बसली असती.

२ डिसेंबर, मंगळवार
आत्या बोलत नाही. आत्याच्या वतीनं भांडी बोलतात.

सकाळी रिकाम्या पोटी लांबची पळाली, रिंगरोडनं. परत येताना डोळ्यांसमोर पांढरं पांढरं. रस्त्याच्या कडेले शिंगाडेवाली बसते, तिच्या टोपल्याजवळ बसली. बसली कसली, पडली. तिनं उकडलेला शिंगाडा सोलला, तोंडात दिला, वरून म्हणते, "खाय व, शिंगाडा उपासाले चालते."

हसून हसून अजून चक्कर.

दुर्गाले फोन केला, तिनं गाडीवर मागं बसवून घरी आणलं. आत्यानं दोन दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं.
"अजून एकदा पडलीस ना, बूट चुलीत. दौडगिड बंद."
हो म्हटलं. आत्या म्हणते ते करते. बाबासुद्धा तिच्यापुढे गिअर टाकत नाहीत. म्हणजे आता नुसतं पळायचं नाही, न पडता पळायचं. नाहीतर इटियाडोह गेलं.

४ डिसेंबर, गुरुवार. पौर्णिमा
हे लिहिताना अजून हसू येऊन राहिलं.

पौर्णिमेले आत्या पांढरी साडी नेसते, विहारात जाते, अष्टशील घेते, म्हणजे त्या दिवसापुरते आठ नियम. लहानपणापासून पाहते मी. आज बाराच्या आधी जेवायला बसली. भराभर. एक डोळा ताटात, एक घड्याळात. मी दारात उभी.

"आत्या, बारानंतर तू आता कधी खाशील?"
"उद्या. उजाडल्यावर."
"मग हा का होय? उपास?"
घास हवेत.
"हा उपास नोहे. उपोसथ होय."
"उपोसथ. उप..."
"चूप."

घड्याळाचा काटा तेवढा चालू. मग आत्याचे खांदे हलून राहिले. मले वाटलं रडते. हसत होती, तोंडात घास धरून.
"पाह्य, बारा वाजले! तुयाच्यानं माया भात रायला ताटात."

संध्याकाळी विहारातून आली. चपला काढता काढता, जसं काही रस्त्यात ठरवूनच आली:
"तुयी खिडकी उलटी हाये. सकारी जीव तोडून पराचं आन् मंग दुपारपर्यंत उपाशी? उजाडलं का खाय. बारापर्यंत खाय. मंग बंद कर. मायावानी." (आत्याचा 'ळ' बहुतेक वेळा 'र' होते. पराचं = पळायचं.)
"रोज?"
"रोजचं तुयं तू पाह्य. भोवर आली का गुमान जेवाचं, शील गेलं तरी चालंल. मी तं पौर्णिमेपुरती."

आत्याच्या तोंडून 'खिडकी'. आजच्या दिवसाचं बक्षीस.

१४ डिसेंबर, रविवार
उलटी खिडकी झकास. रोज नाही, आठवड्यातून चार दिवस. केळ न् गूळ खाऊन पळायचं, येऊन वरण-भात हाणायचा, बाराच्या आत अजून एकदा. दुपारी बरं असते. संध्याकाळी शेजाऱ्यांच्या फोडणीचा वास आला की शब्द तिखट होतात. रात्री लवकर झोप. जे लिहायचं ते सकाळीच लिहून होते, भरल्या पोटी. माझी भुकेली शैली गेली बहुतेक. जाऊ दे.

आज कुडव्याच्या पलीकडे, धान कापलेल्या बांध्यांतून गेली. सारसांची जोडी. आधी वाटलं माणसं उभी आहेत. एकमेकांकडे माना ताणून ओरडून राहिले होते, अगदी आई न् आत्या. मी थांबली. थांबायचं नसते, पण थांबली.

३ जानेवारी, शनिवार. पौर्णिमा
आज आत्यासोबत मी पण अष्टशील घेतलं. पहिल्यांदा. बारानंतर जेवण नाही हे तर जमते. पण नाच नाही, गाणं नाही, माळा-अत्तर नाही, उंच पलंग नाही. म्हणजे कानात गाणी लावून पळणंही नाही. हे जास्त जड.

विहारात बायांमध्ये बसून विचारलं, "मेडल माळेत येते का?"
गंभीर चर्चा झाली. निकाल आत्याचा: "गऱ्यात घातलं तं माळ. हातात धरलं तं भांडं."

घरी येऊन आत्यानं कॅलेंडरचं पान उलटलं अन् तिथंच थांबली.
"एक फेब्रुवारी म्हनत होती ना तू?"
"हो."
"पौर्णिमा हाये."
"मग?"
"मंग का. मी येईन म्हटलं तुई दौड पाह्याले. अष्टशील तिथंच घेईन, धरनावर. तू?"
"मी पण."

बोलून गेली. मग डोक्यात गणित. सुटायचं साडेसहाले. माझ्या चालीनं बेचाळीस म्हणजे बाराच्या अल्याड नाहीतर पल्याड. पल्याड गेली तर बेचाळीस किलोमीटर पळून दुसऱ्या दिवशीपर्यंत उपाशी. 
दुर्गा: "पागल है क्या? मर जाएगी."
आई: "मी काही बोलत नाही." (मग बराच वेळ बोलली.)
आत्या: "त्यात का मोठं? बाराच्या आत ये ना. मी खीर आनीन. नाईच आली तं सरबत. पानी चालते."

माझ्यासाठी खीर. सुजाताले खीर. उलटं झालं सगळं, हे तिच्या लक्षात आलं की नाही माहीत नाही. मी सांगितलं नाही.

१८ जानेवारी, रविवार
तीस किलोमीटर. पडली नाही! शेवटी गुडघा कुरकुरला, चालली थोडी. त्या चालीनं धरणावर साडेबारा वाजतील. हे आत्याले नाही सांगितलं.

घरी खिरीची तालीम चालू. आत्याले शुगर, चाखता येत नाही, म्हणून चाखायचं काम माझं. बाराच्या आत. पहिली पातळ. दुसरी लागली बुडाले. तिसरीत आत्यानं नुसता वास घेतला न् डोळे मिटले.
"हेच. असीच आनाची."

२५ जानेवारी, रविवार
कमी पळायचा आठवडा. पाय खाजून राहिले. रात्री स्वप्न: नहर दुधाची, मी काठानं पळून राहिली, वाटी नाही.

३१ जानेवारी, शनिवार
पोचलो. मी, आई, आत्या, दुर्गा. जीप भाड्यानं केली. मुक्काम दुर्गाच्या मावशीकडे, धरणाच्या खालच्या गावात. दुर्गा पण उद्या पळणार आहे, तिची काळजी कोणालेच नाही. संध्याकाळी पाळीवर, म्हणजे धरणाच्या बांधावर, जाऊन पाणी पाहिलं. इतकं पाणी न् काहीच आवाज नाही. उद्या याच पाळीवर यायचं आहे परत.

आत्यानं मावशीले बांबूची काडी मागितली. हातभर, सरळ पाहिजे म्हणे.
"कायले व?"
"लागंल."

१ फेब्रुवारी, रविवार. पौर्णिमा
परतीच्या जीपमध्ये. अक्षर हलून राहिलं, पाय त्याहून जास्त.

अंधारात आत्यानं पांढरी साडी नेसली. उजाडल्या उजाडल्या पाळीच्या खाली दोघींनी अष्टशील घेतलं, बाजूले पोट्टे वार्मअप करून राहिले होते. मग केळ, गूळ, चहा. मग शिट्टी.

नहरीचा काठ. एका बाजूले पाणी, एका बाजूले उन्हाळी धानाच्या पऱ्ह्यांची, रोपांची लावण, बाया गुडघाभर चिखलात. एक ओरडली, "कोन मागं लागलं व तुमच्या?" दुसरी: "नवरा असंल!" साऱ्या हसल्या, मी पण, अन् तेवढ्यात अर्धा किलोमीटर कधी गेला कळलं नाही. दर थांब्यावर खाल्लं. केळ, गूळ, मुर्रा, एका ठिकाणी चक्क आलूबोंडा. खिडकी उघडी ना.

वळून येताना पाय लाकूड. गुडघा बोलायला लागला. थोडी पळाली, थोडी चालली. पडायचं नाही, पडायचं नाही, इतकंच डोक्यात. बाकी सगळी वाक्यं गळून पडली. (नियम आपोआप लागू झाला. ऊन. काठ. पाय. पाय.)

पाळ दिसली तवा माइकवरचा माणूस म्हणाला, "बारा वाजून गेले मित्रांनो, अजून बरेच लोक रस्त्यावर आहेत!"

संपलं. खीर गेली. तिथंच उभी राहिली. तिथं पहिल्यांदा वाटलं, बसून घ्यावं.

वरून दुर्गा धावत खाली. ती कधीचीच पोचली होती, मेडल गळ्यात.
"रुक मत बे! तेरी आत्या काडी गाड़के बैठी है!"
"का?"
"काडी! किसी को बाजू से जाने नहीं दे रही, सावली पे पाय पडतो म्हणते! चल!"

चढली. कशी, माहीत नाही. रेषा ओलांडली. पडली नाही. मेडल घालायला एक पोरगी आली, मी हात पुढे केला. तिले वाटलं ऊन लागलं मले.

आत्या पाळीच्या उतारावर. समोर जमिनीत काडी उभी. सावलीच्या टोकाशी मातीत ओरखडे, एकाखाली एक, काडीकडे सरकत आलेले. आत्या त्या सावलीकडे अशी पाहून राहिली होती, की नजर काढली तर पळून जाईल.

"आत्या, बारा वाजून गेले."
"घड्यारात वाजले. सूर्याले कुठं वाजले? सावली आकूड होऊन रायली तवरपर्यंत सकार. बस."
"विहारात तर घड्याळ पाहतेस तू!"
"विहारात घड्यार हाये. इथं सूर्य हाये. बस ना व!"
आई वाकून: "वन्सं, पलटली वाटते सावली."
"तुया चष्म्याचा नंबर वाढला."

डबा उघडला. वाफ नव्हती, वास होता. आत्यानं स्वतः चमचा भरला.
"खाय, सुजाता."

खाल्ली. डबाभर. रडली पण असेल, घामात कळत नव्हतं. आत्यानं चमचा हुंगला न् बाजूले ठेवला. तोवर काडीकडे कोणीच पाहिलं नाही. पाहिलं तवा दुर्गाच्या मावसभावाची बकरी काडीपाशी उभी, ओरखडे सगळे तुडवलेले.

आता जीपमध्ये भांडण. आई म्हणते पलटली होती. दुर्गा म्हणते, बिलकुल सरळ होती, मेडलची शपथ. मी पाहिलंच नाही, मी खाऊन राहिली होती. ड्रायव्हरनंही मत दिलं, कोणी विचारलं नव्हतं.

आत्या काचेबाहेर पाहून राहिली. काडी मांडीवर, उपटून सोबत आणली.

"पुढच्या पौर्णिमेले भंतेजीले विचारू," म्हणाली.
"अन् ते म्हणाले, शील मोडलं, तर?"

आत्यानं काडी उभी धरली, माझ्या बुटाले लावून पाहिली, परत आडवी ठेवली.

"तं पुढच्या साली लवकर पर."