फांग चिंगवेनचं डोकं

तिआनजिन, १९७९

प्रिय चिंगवेन,

'प्रिय' लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, हुरळून जाऊ नकोस. तुझा लाल रेशमी झेंडा पोचला. 'हिच्या हातांनी वसंत परततो' अशी सोनेरी अक्षरं! अरे, असे झेंडे बरे झालेले पेशंट देतात. डोकं उघडायच्या आधीच आभार मानणारा तू पहिलाच. खुशामत करताना तुला कधी धीर धरवलाच नाही. झेंडा परत पाठवते आहे.

या शहरात मेंदूचं ऑपरेशन कुणी करत नव्हतं, तेव्हा मी सुरुवात केली. साधी हत्यारंही नव्हती. सायकलवाल्या शिंगकाकांकडून चिमटे घडवून घेतले, बेवारस कवट्या धुऊन त्यांच्यावर हात बसवला. मला लग्नाचं वचन दिलेला तू मात्र हॉस्पिटलच्या जेवणघरात सगळ्यांना सांगायचास, "आमच्या रुओलानला नवरा कशाला? तिला कवटी पुरते!" लोक खिदळायचे. पेशंट वाचला, की फोटोत माझ्या शेजारी पहिला तूच.

मग सांस्कृतिक क्रांती आली आणि वारं फिरलं. शनिवारी माझ्याकडे कोबीचे डंपलिंग ओरपलेस आणि सोमवारी माझ्याविरुद्ध भिंतीवर पोस्टर लावलंस: 'ही बाई परक्यांची विद्या कामगारांच्या डोक्यांवर गिरवते.' अक्षर सुरेख होतं, तेवढं कबूल. शिक्षा म्हणून मी संडास घासले. अवघड केस आली की मला बोलवायचे, टाके घालून झाले की परत हातात झाडू. गरज सरो, वैद्य मरो! माझी चूक पकडायला तू दारात उभा असायचास. एकही सापडली नाही, याचं तुला केवढं दुःख.

परवा तुझी बायको निरोप घेऊन आली. "आधी माफ केलं म्हणा, डॉक्टरीणबाई, तरच ते टेबलावर झोपतील." भोळी आहे बिचारी. म्हणजे रागाच्या भरात माझा हात सरकेल, असं वाटतं तुला! त्या पोस्टरपेक्षा हा अपमान मोठा आहे. माफी मिळणार नाही, कधीच नाही. गुरुवारी सकाळी उपाशीपोटी ये.

गाठ मेंदूतल्या बोलण्याच्या जागेला चिकटली आहे, म्हणून तुला जागं ठेवूनच ती काढावी लागेल. तू बोलत राहायचं. एक शब्द अडखळला, की मी हात थांबवणार. तुझी वाचा टिकावी म्हणून मला तासन्‌तास तुझीच बडबड ऐकायची आहे. काय वाट्टेल ते बोल, मला शिव्या दे. फक्त गप्प बसू नकोस.

तुझी नव्हे, तुझ्या डोक्यापुरतीच,
रुओलान