डेन्झिलदादाची दुरंगी फुलं

व्हिटबी, यॉर्कशायर
२० ऑगस्ट १९७८

चि. टॅमसिन हिस,
अ. उ. आ.

तुझा केशराचा केक पोचला. तुझ्या आयव्हीवहिनीने तो कपाटात लपवला होता, पण मी हुडकून काढलाच. रेल्वेच्या नोकरीतून सुटून मला दोन महिने झाले. दिवसभर पायात पायात येतो म्हणून आयव्हीने मला बागेत पिटाळलंय. खिडकीसमोरचा तुकडा खणून, वाळू मिसळून तयार ठेवलाय. पुढच्या वसंतात तिथे डॅफोडिल हवेत, आणि तेही दुरंगी. नुसती पिवळी इथे ज्याच्या त्याच्या कुंपणाशी आहेत.

कुठली घ्यायची ते तू ठरव. कंदवाल्याची यादी सोबत आहे, खुणा करून परत पाठव. हसू नकोस. माझ्या डोळ्यावर माझाच भरवसा उरलेला नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. इथल्या बागमंडळाने वसंताच्या प्रदर्शनाला परीक्षक व्हा म्हणून गळ घातली होती, मी साफ नाही म्हटलं. ज्याने जन्मात नव्या जातीचं एकच फूल घडवलं आणि तेही रोगट निघालं, त्याने दुसऱ्याच्या फुलांना गुण कोणत्या तोंडाने द्यायचे?

गुडघ्याचं काय म्हणतेस? आयव्ही आठवण काढते. आहे तो लोभ वाढता ठेव.

तुझा दादा,
डेन्झिल


लॅनवीन, कॉर्नवॉल
३० ऑगस्ट १९७८

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीने केक लपवला त्यात तिचं काय चुकलं? तुझ्या हाती लागलेला केक दुसऱ्या दिवसाचं ऊन कधी बघत नाही. गुडघा आहे तसाच आहे, चर्चच्या चढावर मला शिव्या घालतो.

यादी घेऊन पास्कोकाकांकडे गेले होते. ऐंशी उलटली, कान गेले, पण जीभ अजून शाबूत आहे. फुलांचं शेत मुलाने विकलं तरी रोज बांधावर जाऊन नव्या मालकाला अक्कल शिकवतात. पांढऱ्या पाकळ्या आणि मधोमध नारिंगी वाटी असलेलं फूल मला फार आवडलं होतं. काका म्हणाले, त्या वाटीची कड उन्हाने करपते. मग स्वतःच म्हणाले, पण तुझा भाऊ यॉर्कशायरात आहे ना, मग उन्हाची भीती कसली, खुशाल घेऊ दे! दुसरं आहे ते पिवळ्या पाकळ्यांचं आणि पांढऱ्या वाटीचं. ते उमलतं तेव्हा नखशिखांत पिवळं असतं, वाटी पांढरी व्हायला चांगला आठवडा लागतो. तुला तेवढा दम कुठला? तिसऱ्या दिवशी फसवलं म्हणून कंदवाल्याला पत्र लिहून मोकळा होशील.

राहिलं पांढऱ्या पाकळ्यांचं, पिवळ्या वाटीचं. तिथे पेन्सिल टेकवली आणि उचलली. तुझं फूल असंच होतं. यादी अजून माझ्याकडेच आहे, आणखी थोडे दिवस दे. आणि दादा, त्या फुलाला रोगट म्हणत जाऊ नकोस.

वहिनीला नमस्कार. पत्राची वाट बघते. लोभ आहेच, त्यात उणं पडू देऊ नये.

तुझी,
टॅमसिन


व्हिटबी
७ सप्टेंबर १९७८

चि. टॅमसिन हिस,
अ. उ. आ.

अगं बाई, यादी मागवली होती, संशोधन नव्हे! सप्टेंबर उजाडला. कंद जमिनीत जायला हवेत आणि तू पेन्सिल टेकवतेस नि उचलतेस. पास्कोकाकांना सांग, इथेही ऊन पडतं, गेल्या जूनमध्ये एका मंगळवारी पडलं होतं.

रोगट नाही तर काय म्हणू? बारा वर्षं लागली मला, पहिलं बी पेरल्यापासून हाताशी चौदा कंद येईपर्यंत. पंचावन्नच्या मार्चमध्ये प्रदर्शनात पहिलं बक्षीस आलं. मग माझ्या फुप्फुसाचं दुखणं निघालं, सात आठवडे इस्पितळात काढले, आणि पुढच्या वसंतात बघतो तर नुसती पानं. चौदापैकी एकाला कळी नाही. पास्कोकाका म्हणाले, कंदात कीड असेल, जमिनीतून पसरेल. शेजाऱ्यांची शेतं वाचावीत म्हणून सगळे कंद जाळले. जे बी मी बारा वर्षं उराशी धरलं ते मुळातच किडकं होतं, आणि मला दिसलं नाही. त्यानंतर फुलांना हात लावायची हिंमत झाली नाही. शेत सोडलं, इकडे येऊन तिकिटं तपासली.

एवढंच बरं वाटतं की मी खाटेवर होतो तेव्हा तू त्यांना जपलंस. तुझ्याकडून काही कमी पडलं नाही. म्हणून तर तुला निवडायला सांगतोय. आता खुणा कर आणि पाठव.

लोभ आहे, तो असाच राहो.

तुझा दादा,
डेन्झिल


लॅनवीन
१६ सप्टेंबर १९७८

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दादा, तुझ्या कंदांना कसलाही रोग नव्हता. त्यांची पानं मी कापली.

एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. हेडलीची आई पहिल्यांदाच आपल्याकडे चहाला येणार होती, मला बघायला. बाई किती टापटिपीची ते तुला माहीत आहे, कपाटावरून बोट फिरवून बघणारी. तुझा वाफा दारासमोरच. फुलं गेली होती आणि पानं अर्धी पिवळी होऊन चिखलात लोळत होती. फूल गेल्यावर पानांना सहा आठवडे हात लावायचा नाही, त्यांच्या जिवावर कंद पुढच्या वर्षीची कळी भरतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तू इस्पितळातून चिठ्ठीत लिहिलंही होतंस. तीन आठवडेसुद्धा झाले नव्हते. मी विळा घेतला आणि वाफा भुईसपाट केला. वाटलं, एकदाच तर आहे, काय होतंय! त्या दिवशी पाऊस लागला. त्या बाईने बागेकडे ढुंकूनही बघितलं नाही.

तू घरी आलास तेव्हा मी सांगितलं, यंदा पानं लवकर वाळली. तू मान डोलावलीस.

पुढच्या वसंतात कळी आली नाही तेव्हा तू काकांना विचारायला गेलास, पण मला त्याच सकाळी कळलं होतं. उपाशी राहिलेले कंद होते ते, दादा. एकदोन वर्षं नीट पानं मिळाली असती तर परत फुलले असते. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. माझ्या लग्नाला नऊ दिवस होते, घर पाहुण्यांनी भरलं होतं, आणि माझी जीभ उचलली नाही. तू कंद जाळत होतास तिथे मी तुला चहा आणून दिला. तू म्हणालास, धुरात थांबू नकोस, लग्नात खोकत बसशील.

मग तू शेत सोडलंस. मग हेडलीला काय वाटेल म्हणून गप्प बसले. हेडली गेला त्यालाही आता चार वर्षं झाली, तरी गप्पच. तू परीक्षक व्हायला नाही म्हणालास आणि माझे आभार मानलेस, ते वाचून मात्र हे लिहायला बसले. तुझा डोळा चांगला होता. माझंच काळीज खोटं होतं. मला माफ कर.

यादी कोरीच परत पाठवते. तुझ्यासाठी फुलं निवडायचा अधिकार मला नाही. लोभ कोणत्या तोंडाने मागू?

तुझी,
टॅमसिन


व्हिटबी
१४ ऑक्टोबर १९७८

चि. टॅमसिन हिस,
आशीर्वाद.

उत्तराला महिना लागला. आयव्हीने दोनदा कागद पुढ्यात ठेवला आणि मी दोनदा उठून बाहेर गेलो. तेव्हा जे लिहिलं असतं ते तुझ्याने वाचवलं नसतं.

पानं कापलीस त्याचा राग नाही. सत्ताविसाव्या वर्षी होणारी सासू चहाला येणार म्हटल्यावर माणूस काहीही कापेल. घरी आलो तेव्हा सांगितलं असतंस तर दोन दिवस आरडाओरडा केला असता आणि वाफ्यावर खत घातलं असतं. पण बावीस वर्षं, टॅमसिन! दर नाताळला मी तुला लिहीत होतो, माझं कुठे चुकलं असेल, आणि तू मला लोकरीचे मोजे पाठवत होतीस. मी वाईट तिकीट तपासनीस नव्हतो. पण मी बागवान होतो, आणि हे मला आज एकसष्टाव्या वर्षी पोस्टाने कळतंय.

माफी मागितलीस. शोधली, आज तरी माझ्याजवळ नाही. असती तर दिली असती, तुला द्यायला मी कधी हात आखडला नाही.

बागमंडळाला होकार कळवलाय. तू पाठवलेल्या कोऱ्या यादीवर मी स्वतः खुणा केल्या. पांढऱ्या पाकळ्यांचे, पिवळ्या वाटीचे चाळीस कंद. नारिंगी एकही नाही. बारा पिवळे-पांढरे घेतले, वाट बघायचा दम आहे माझ्यात. रविवारी लावून झाले. कोणालाही विचारलं नाही, आयव्हीलासुद्धा. यापुढे यादी तुला पाठवणार नाही.

थंडी पडायला लागली, गुडघ्याला शेक देत जा. लोभ आहे. तो वाढावा, असं यंदा लिहवत नाही.

डेन्झिल